नव्या घरातील टबाला तडा : नुकसान कोणाच्या खाती?

एके काळी न्हाणीघरातील टब ही बड्या हॉटेलांची आणि श्रीमंतांच्या बंगल्यांची वस्तू समजली जात असे. आता तसे राहिलेले नाही. मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींत, नवी मुंबईच्या मोठ्या फ्लॅटमध्ये, तसेच आखाती देशांत कमाई करून आमच्या कोकणातील बांधवांनी गावी बांधलेल्या बंगल्यांतही टब दिसू लागला आहे. आणि टब आला, तसे त्याचे तंटेही आले. घर नवे कोरे, पण टबावर ओरखडा आहे, काठाचा टवका उडाला आहे किंवा तळाला तडा गेला आहे, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. त्यानंतर बिल्डर ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार प्लंबरकडे, प्लंबर लादीवाल्याकडे आणि लादीवाला दुकानदाराकडे.

आमचा धंदा कापडाचा. तेव्हा टबाविषयी आम्ही का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. परंतु या पानाचे वाचक या तंट्यात चारही बाजूंना उभे आहेत. कोणी आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेले आहेत, कोणाचे सॅनिटरी मालाचे दुकान आहे, कोणी प्लंबर आहे, कोणी लादीकाम किंवा फायबरचे काम करतो. शिवाय माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्यात ऐब निघाला तर काय करावे, हे कापड बाजारात रोजचेच असते. त्या अनुभवाचा येथे चांगला उपयोग होतो. म्हणून या लेखात तीन गोष्टी क्रमाने पाहू. टबाचे नुकसान ओळखावे कसे, दुरुस्ती कोठपर्यंत करावी आणि पैशाचा भार कोणी उचलावा.

टबाची जात ओळखा

कापडात सूत कोणते हे कळल्याशिवाय भाव सांगता येत नाही. टबाचेही तसेच आहे. बाजारात मुख्यतः चार प्रकारचे टब मिळतात.

पहिला ओतीव लोखंडाचा, वरून काचेसारखा इनॅमलचा थर दिलेला. पाच फुटी टबाचे वजन सुमारे दीडशे किलो भरते. दुसरा पोलादी पत्र्याचा. त्यावरही इनॅमलच असते, पण वजन पुष्कळ कमी. तिसरा ॲक्रिलिकचा. ॲक्रिलिकची शीट गरम करून साच्यावर ओढतात आणि मागच्या बाजूने फायबर व रेझिनचा थर देऊन तिला मजबुती आणतात. याचे वजन सुमारे पंचवीस ते पस्तीस किलो असते. चौथा साध्या फायबरचा. त्याच्या पृष्ठभागावर जेलकोट नावाचा रंगीत पातळ थर असतो.

ओळखण्याची रीत सोपी आहे. लोहचुंबक लावून पाहावे. चिकटला तर टब लोखंडी किंवा पोलादी. बोटाने ठोकून पाहावे. ओतीव लोखंडाचा आवाज भरीव येतो, पत्र्याचा खणखणीत येतो आणि ॲक्रिलिक व फायबरचा दबका येतो. ॲक्रिलिक आणि फायबर यांतील फरक नुसत्या डोळ्यांनी चटकन कळत नाही. त्यासाठी बिलावरील वर्णन आणि खोक्यावरील चिठ्ठी पाहावी. म्हणूनच टब बसला तरी त्याचे बिल, चिठ्ठी आणि वॉरंटीचे कार्ड फेकून देऊ नये.

ही ओळख का हवी? कारण ॲक्रिलिकचा रंग शीटच्या पूर्ण जाडीत असतो. वरचा थर थोडा घासला तरी आतून तोच रंग निघतो. जेलकोट मात्र सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो. तो जास्त घासला की खालचे फायबर उघडे पडते. आणि इनॅमल तर कारखान्यातील भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजून चढवलेले असते. घरात कोणीही ते पुन्हा भाजू शकत नाही. "घरी येऊन मूळच्यासारखे इनॅमल करून देतो" असे कोणी म्हणत असेल, तर तो रंगाचा किंवा इपॉक्सीचा थर देणार आहे असे समजावे. तो थर वाईट असतो असे नाही, पण तो मूळ इनॅमल नव्हे.

ऐब चार, औषध वेगळे

टबाचे नुकसान चार प्रकारचे असते. प्रत्येकाचा इलाज निराळा आहे.

(१) ओरखडा. नख फिरवून पाहावे. नख अडकत नसेल तर ओरखडा वरवरचा आहे. ॲक्रिलिकवर असा ओरखडा पाणी लावून बारीक वॉटर पेपरने घासल्यास निघतो. ओरखडा खोल असेल तर ६०० नंबरपासून सुरुवात करून ८००, १२०० आणि शेवटी २००० नंबर असे क्रमाने जावे. मधला नंबर गाळू नये, नाहीतर आधीच्या कागदाच्या रेघा तशाच राहतात. शेवटी गाडीला वापरतात ते बारीक रबिंग कंपाउंड मऊ कापडावर घेऊन चकाकी आणावी. जेलकोटवर हेच काम फार हलक्या हाताने आणि फक्त बारीक कागदानेच करावे. इनॅमलवर वॉटर पेपर अजिबात लावू नये. त्याची गेलेली चकाकी परत येत नाही.

(२) टवका. इनॅमलचा टवका उडाला आणि खालचे लोखंड दिसू लागले, तर त्याच दिवशी जागा कोरडी करून झाकावी. पाणी लागत राहिले की गंज धरतो आणि तो इनॅमलच्या खाली सरकत जातो. गंज पूर्ण खरवडून, जागा कोरडी करून इपॉक्सीचे पुट भरतात आणि वर रंग जुळवून थर देतात. काठावरील किंवा बाहेरच्या बाजूचा लहान टवका असा भरला तर पुष्कळ वर्षे टिकतो. मात्र जेथे पाय पडतो आणि पाणी साचते, त्या तळावरील पुट लवकर सुटू शकते.

(३) डाग आणि गेलेली चकाकी. नव्या घरात सर्वात जास्त नुकसान याच प्रकारचे होते आणि ते बहुधा साफसफाईच्या वेळी होते. लादीवर सुकलेले सिमेंट काढण्यासाठी तेजाब वापरतात. ते टबात पडले तर चकाकी कायमची जाऊ शकते आणि त्याच्या वाफेने नळाचे क्रोमही काळे पडते. रंगाचे शिंतोडे काढण्यासाठी थिनर किंवा ॲसिटोन वापरले तर ॲक्रिलिक चक्क विरघळू लागते. ते पांढुरके आणि खरखरीत होते. ॲक्रिलिकसाठी साधा साबण, कोमट पाणी आणि मऊ फडके हेच औषध. सिमेंटचा थेंब भिजवून प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या पट्टीने उचलावा. पत्र्याची खरवडणी आणि तारेचा ब्रश टबाजवळ नेऊ नये.

(४) तडा. हा सर्वात गंभीर. ओरखडा वरून आलेला असतो, तडा मात्र पुष्कळ वेळा खालून येतो. हिशेब करून पाहा. टबात दीडशे ते दोनशे लिटर पाणी मावते. एक लिटर म्हणजे एक किलो. त्यात माणसाचे सत्तर किलो आणि टबाचे तीस किलो मिळवले, तर तळावर अडीचशे ते तीनशे किलोचा भार येतो. टबाचे पाय समतल नसतील, तळाखाली रेती-सिमेंटचा आधार द्यायचा असून दिला नसेल, तर तळ पोकळीवर लवतो. रोज थोडा थोडा लवतो आणि एके दिवशी चिरतो. अशा तड्यावर वरून पुट भरणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून पट्टी बांधणे होय. खालची पोकळी भरल्याशिवाय तो तडा पुन्हा उघडणारच.

फायबरचे काम करणाऱ्या कारागिरांसाठी येथे दोन शब्द. तडा गेलेला टब काढता येत असेल तर तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तो पुढे जाण्यापासून थांबवावा आणि मागच्या बाजूने मॅट व रेझिनचे थर द्यावेत. पुढच्या बाजूस जेलकोट भरल्यावर त्यावर पॉलिस्टरची पारदर्शक फिल्म दाबून ठेवावी, कारण उघड्या हवेत त्याचा वरचा थर चिकट राहतो. आणि जिवाची गोष्ट ही की, कोबाल्ट आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नयेत. त्याने आग लागते, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवावे आणि मगच हार्डनर घालावा. बंद न्हाणीघरात काम करताना खिडकी उघडी ठेवावी आणि बिडी-सिगारेट बाहेर ठेवावी.

ओतीव लोखंडाच्या टबाला तडा गेला असेल, किंवा ॲक्रिलिकचा तडा आरपार गेला असून टब काढता येत नसेल, तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता टब बदलून मागावा.

कारण न शोधता दोष देऊ नका

आमच्या परिचयातील एका होजिअरीच्या व्यापाऱ्यांनी नवी मुंबईत फ्लॅट घेतला. ताबा मिळाल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात टबाच्या तळाला, पाणी जाण्याच्या भोकाजवळ, तडा दिसला. तक्रार गेली. बिल्डरने ठेकेदाराचे बिल अडवले. ठेकेदाराने विचार न करता लादीवाल्याच्या मजुरीतून नऊ हजार रुपये कापले. कारण काय, तर लादी लावताना तो टबात उभा राहिला होता. तो बिचारा परप्रांतातून आलेला, रोजावर काम करणारा. त्याने आपण टबात फळी टाकून उभे होतो असे सांगून पाहिले, पण लिहिलेले काहीच नव्हते.

पुढे टब बदलण्यासाठी बाजूची विटांची भिंत फोडली, तेव्हा खरा प्रकार कळला. टबाचा एक पाय अधांतरी होता आणि तळाखाली आधारासाठी अर्धी वीट सरकवलेली होती. सारा भार त्या विटेच्या कोपऱ्यावर येत होता आणि तडा बरोबर त्याच जागी गेला होता. म्हणजे दोष टब बसवण्यात होता, लादीवाल्याचा त्यात हात नव्हता. व्यापाऱ्यांनी स्वतः मध्ये पडून ठेकेदाराला ते दाखवले. तरीही कापलेली मजुरी परत मिळण्यास त्या माणसाला दोन महिने लागले.

नोंद नसेल तर नुकसान फिरत फिरत सर्वात कमजोर माणसाच्या अंगावर येऊन पडते, हे या उदाहरणावरून दिसते. वेतनविषयक कायदाही याबाबत स्पष्ट आहे. १९३६ च्या वेतन देय कायद्यात ही तरतूद होती आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. नुकसानीपोटी पगार कापायचा असेल तर नुकसान त्या कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालेले असले पाहिजे, कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये आणि कापण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. आमच्यापैकी जे बांधव मजूर ठेवतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे. कायद्याचे कलम माहीत नसले तरी, विचारल्याशिवाय कोणाची मजुरी कापू नये एवढे तर कोणालाही कळते.

प्रत्येक हातबदलाला एक पावती

कापडाचा धंदा करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. मागाचे कोरे कापड रंगाईला जाण्यापूर्वी तपासले पाहिजे. एकदा रंग चढला की विणकर म्हणतो ऐब रंगाईचा आणि रंगाईवाला म्हणतो ऐब विणीचा. दोघांच्या भांडणात व्यापाऱ्याचा ताका फेंटच्या भावात जातो.

टबाच्या बाबतीत लादी लागणे म्हणजे रंग चढणे. टब आधी बसतो, नंतर त्याच्या काठावर लादी येते, सांधे भरले जातात, बाजूला भिंत उभी राहते. त्यानंतर टब काढायचा म्हटले तर खालच्या रांगेच्या लाद्या फोडाव्या लागतात, वॉटरप्रूफिंगला धक्का लागतो आणि तीच लादी पुन्हा बाजारात मिळेल याची खात्री नसते. म्हणून टबाची तपासणी पुढील चार मुक्कामांवर झालीच पाहिजे.

पहिला मुक्काम, माल उतरताना. खोका बाहेरून चेपलेला असेल तर ते बिल्टीवर किंवा चलानावर तेथेच लिहावे आणि मगच सही करावी. "माल चांगल्या स्थितीत मिळाला" अशा छापील ओळीखाली डोळे मिटून सही करू नये. खोका त्याच दिवशी उघडून पाहावा. आठ दिवस गोदामात ठेवून नंतर तक्रार केली तर दुकानदार ऐकत नाही आणि त्याचेही म्हणणे अगदीच चुकीचे नसते.

दुसरा मुक्काम, टब बसवल्यावर पण लादी लागण्याच्या आधी. लेव्हल लावून पाहावी. मोजे घालून टबात उभे राहावे. तळ लवतो का, करकर असा आवाज येतो का, हे पाहावे. मग वरच्या भोकापर्यंत पाणी भरून पातळीवर खूण करावी आणि रात्रभर ठेवावे. सकाळी पातळी पाहावी, पाणी सोडावे आणि खाली वाकून सांध्याला ओल आहे का ते तपासावे. पाणी सोडल्यावर तळात साचून राहत असेल तर उतार चुकला आहे. हे सारे ठीक असेल तर प्लंबरने ठेकेदाराकडून तशी सही घ्यावी. ही सही प्लंबरच्या हिताची आहे.

तिसरा मुक्काम, लादीकाम सुरू होताना. टबावरील प्लास्टिकची फिल्म काढू नये. वर जुनी गादी किंवा जाड गोणपाट घालून त्यावर प्लायवूड टाकावे. भोकात चिंधी कोंबावी, म्हणजे सिमेंट पाइपात जाणार नाही. लादीवाल्याने काम सुरू करण्यापूर्वी टबाचा फोटो काढून ठेकेदाराला पाठवून द्यावा. आता प्रत्येकाच्या खिशात फोन असतो आणि त्यात तारीख आपोआप येते. दोन मिनिटांचे हे काम पुढे नऊ हजार वाचवते.

चौथा मुक्काम, घराचा ताबा घेताना. बॅटरीचा प्रकाश सरळ न टाकता तिरपा टाकावा. आम्ही ताका उजेडासमोर धरतो ते याच कारणाने. समोरच्या उजेडात जे दिसत नाही ते तिरप्या उजेडात दिसते. टब आधी ओल्या फडक्याने पुसावा, कारण धुळीखाली ओरखडे लपतात. जे दिसेल ते ताबा पावतीवर लिहावे. "फ्लॅट पाहिला, कोणतीही तक्रार नाही" असे छापलेले असेल तर त्याखाली आपल्या हाताने नोंद करून मगच सही करावी आणि तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. आपला सुतार व रंगारी घरात आणण्यापूर्वीच हे सर्व व्हावे. नाहीतर "तुमच्याच माणसांनी पाडले" हे उत्तर ठरलेले आहे.

कायदा काय म्हणतो?

येथे प्रकरणे तीन. तिन्हींचा कायदा वेगळा.

बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट असेल, तर २०१६ चा रेरा कायदा पाहावा. त्याच्या कलम १४(३) प्रमाणे, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा, दर्जाचा अथवा सेवेचा दोष निदर्शनास आणला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत, वेगळे पैसे न घेता दूर केला पाहिजे. न केल्यास खरेदीदारास भरपाई मागता येते. तक्रार महारेराकडे करता येते आणि आधी सलोख्याने मिटवायचे असेल तर महारेराचा सलोखा मंचही आहे. प्रकल्प रेराच्या कक्षेत येत नसेल, तर महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यातील तीन वर्षांची तरतूद आहे. मात्र करारनाम्याला जोडलेल्या परिशिष्टात टबाचा उल्लेख आहे की नाही, हे आधी पाहावे. लेखी उल्लेख असेल तर आपली बाजू भक्कम होते. आणि पाच वर्षे आहेत म्हणून स्वस्थ बसू नये. जो टवका पहिल्या दिवशी डोळ्यांना दिसत होता, त्याची तक्रार दोन वर्षांनी केल्यास तो नंतर पडला नाही हे सिद्ध करणे कठीण जाते.

स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून बंगला बांधून घेतला असेल, तर त्याला रेरा लागू पडत नाही. कोकणातील बांधवांच्या बाबतीत बहुधा हेच असते. तेथे ठेकेदाराशी केलेला करार हाच आधार. म्हणून करारात टबाची कंपनी, माप आणि जात लिहावी, बसवण्याची व राखण्याची जबाबदारी कोणाची ते लिहावे आणि बिलातील काही टक्के रक्कम काही महिने राखून ठेवण्याची अट घालावी. मालक परदेशी असेल तर त्याच्या वतीने तपासून सही कोण करणार, त्या नातेवाइकाचे नावही लिहावे. तोंडी कारभारात भाऊ-भाऊ दुरावतात, मग ठेकेदाराची काय कथा!

टब स्वतः दुकानातून घेतला असेल, तर १९३० चा माल विक्री कायदा लागू होतो. हा कायदा आम्हा व्यापाऱ्यांच्या रोजच्या कामाचा आहे. त्यात ग्राहकाला माल तपासण्याचा हक्क दिलेला आहे. पण वाजवी वेळ उलटून गेल्यावरही माल नाकारल्याचे कळवले नाही, तर तो स्वीकारला असे धरले जाते. आणि ग्राहकाने माल तपासलेला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता अशा ऐबाबद्दल दर्जाची आपोआप असलेली हमी मिळत नाही. आत दडलेल्या ऐबाची गोष्ट वेगळी. माल वाहतुकीत फुटला असेल, तर २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याप्रमाणे माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस गेली पाहिजे.

या तिन्ही प्रकरणांत, माल किंवा सेवा घरगुती वापरासाठी घेतलेली असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा दरवाजाही उघडा आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे आधी विचारणा करता येते.

तडजोड कशी करावी?

कायदा हातात असला तरी प्रत्येक टवक्यासाठी आयोगात जाणे शहाणपणाचे नाही. बाजारात ताक्यात दोन ठिकाणी ऐब निघाला तर सगळा ताका परत जात नाही, वजावट ठरते. येथेही तसेच करता येते.

समजा, टब २५,००० रुपयांचा आहे. तो बदलायचा तर लादी फोडणे, वॉटरप्रूफिंग, नवी लादी आणि मजुरी धरून आणखी १५,००० लागतील. म्हणजे एकूण खर्च ४०,०००. काठावरचा टवका भरण्यास ४,००० लागतात आणि तो दहा हातांवरून जवळजवळ दिसत नाही. अशा वेळी टब बदलण्याचा हट्ट धरला, तर चांगली लादी आणि चांगले वॉटरप्रूफिंग फुटते आणि पुढे गळतीचे नवे दुखणे मागे लागू शकते. त्यापेक्षा दुरुस्ती समोरच्याने करावी, त्या दुरुस्तीची लेखी हमी द्यावी आणि ऐब राहिल्याबद्दल किमतीत काही सूट द्यावी, हा सौदा दोघांच्या हिताचा. याउलट तळाला तडा असेल, तर कितीही सूट मिळाली तरी स्वीकारू नये. आज मिळालेले पाच हजार उद्या खालच्या शेजाऱ्याच्या छतातून गळतील.

पत्र लिहिताना रागाची भाषा नको. तारीख, टबाची जात, ऐबाची जागा व लांबी, सोबत फोटो, काय हवे आहे आणि किती दिवसांत हवे आहे, एवढे पुरेसे आहे. ज्या पत्रात शिव्या जास्त असतात त्यात पुरावा कमी असतो, असा बाजाराचा अनुभव आहे.

दुकानदार बांधवांनाही एक विनंती. वाहतुकीत टवका उडालेला टब पुट भरून, नवा म्हणून विकू नये. तो वेगळा ठेवावा, ऐब दाखवावा, बिलावर लिहावा आणि कमी भावात द्यावा. असा माल घेणारेही असतात आणि ते खुशीने घेतात. कापड बाजारात सेकंडचा माल सेकंड म्हणूनच विकला जातो आणि तो विकणाऱ्याची पत त्यामुळे वाढते.

शेवटी सांगायचे ते एवढेच. टबाला ओरखडा कोणाकडूनही पडू शकतो. माल वापरात आला की तो झिजणार आणि माणसाचा हात चुकणार. पण चूक कोणत्या मुक्कामावर झाली हे कळण्याची सोय आपण केली नाही, तर घेणाऱ्याची पुंजी आणि करणाऱ्याची मजुरी दोन्ही संशयात सापडतात. म्हणून घर घेणाऱ्याने ताबा पावतीवर लिहावे, ठेकेदाराने लादी लागण्यापूर्वी पाणी भरून पाहावे आणि कारागिराने काम सुरू करण्यापूर्वी फोटो घ्यावा. तिघांनी आपापले हे काम केले, तर तड्याचा हिशेब ज्याच्या त्याच्या खाती बरोबर मांडला जाईल.